वाढं, वही आणि पहाटेचा माज : निपाणी भागातल्या २३ गाई

२८ ऑक्टोबर २०२४, वसुबारस

आज सहाही गोठे फिरून झाले. दारात रांगोळी, गाईच्या कपाळाला हळदकुंकू, गव्हाणीत बाजरीचा घास. पण सहापैकी चार घरांत पूजेला गाय होती आणि वासरू नव्हतं. आक्कांनी शेजारच्या घरातली जर्सी वासरासकट मागून आणली आणि पूजा उरकली. स्वतःची २४ लिटरची गाय मागं दावणीला. तिला व्यायला १४ महिने झाले, अजून गाभण नाही. मला म्हणाल्या, "डॉक्टर, हिला ओवाळून काय करू? हिच्या पाठीमागं कोण हाय?"

म्हणून या गाई गाभण का राहत नाहीत ते शोधायला आजचाच मुहूर्त धरला. वेदगंगेच्या काठच्या गावांतले सहा गोठे, २३ गाई. सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, भरात असताना १८ ते ३० लिटर देणाऱ्या. आजची मोजदाद : ६ गाभण, २ नुकत्या व्यालेल्या, १५ रिकाम्या. रिकाम्यांपैकी ९ गाईंना व्यायला १५० दिवसांच्या वर झालेत.

हिशेब सरळ आहे. गाय साधारण २८० दिवस गाभ वागवते. १३ महिन्यांनी पुन्हा व्यायला हवी असेल, तर व्याल्यापासून ११५ दिवसांच्या आत गाभ राहायला हवा. पहिले ५०-६० दिवस गर्भाची पिशवी पूर्ववत होण्यात जातात. म्हणजे हातात उरतात ५५-६० दिवस, तीन माज फार तर. एक चुकला की २१ दिवस गेले.

सहाही ठिकाणी मी विचारलं, गाय का उलटते, म्हणजे भरवूनही (कृत्रिम रेतन करूनही) गाभण न राहता पुन्हा माजावर का येते? पाच ठिकाणी एकच उत्तर : "सीमनात भेसळ हाय." सहाव्या ठिकाणी : "तुमच्या हाताला गुण न्हाई."

३० ऑक्टोबर

वही केली. साधी शंभर पानी, प्रत्येक गाईला दोन पानं. वर गाईचं नाव, टॅगचा १२ आकडी नंबर, व्यायची तारीख. खाली खुणा : माज दिसला की गोल, भरवली की फुली, गाभण ठरली की त्रिकोण. लिहिण्यावाचण्याचं काम नको म्हणून खुणा. कारण गोठ्यात पहाटे पहिला पाय ठेवतात त्या घरच्या बायका, आणि वहीची चावी माझ्या मते त्यांच्याकडंच असायला हवी. पुरुषमंडळींना हे फारसं पटलं नाही. एका आण्णांनी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. परत काढायला लावली आणि दाराच्या खिळ्याला सुतळीनं बांधली.

६ नोव्हेंबर

माज दिसत नाही ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच. जुन्या पुस्तकांत माज १२ ते १८ तासांचा लिहिलेला असतो. जास्त दुधाच्या गाईत तो बऱ्याचदा ८ तासांच्या आत आटपतो. अशी गाय खाते भरपूर, त्यामुळं तिच्या यकृतातून रक्त जोरात वाहतं, आणि माज आणणारं संप्रेरक जितकं तयार होतं तितकंच यकृत धुऊन काढतं. रक्तात त्याची पातळी चढतच नाही नीट. माज येतो, पण दबक्या पावलानं. गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचंही तेच होतं.

त्यातून आमच्याकडं गाई दाव्याला. मुक्त गोठ्यात एक गाय दुसरीवर चढते आणि खालची उभी राहते, ते लांबूनही दिसतं. दोन फुटांच्या दाव्यात कोण कुणावर चढणार? मग उरतं काय, तर बळस (माजावरच्या गाईच्या योनीतून येणारा चिकट स्राव), हंबरणं, दूध थोडं तुटणं, गव्हाणीत वैरण तशीच राहणं.

आज वैनींनी दाखवलं. गाय पहाटे बसलेली असताना मागं शेणाशेजारी फरशीवर बळस पडला होता, अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, वीतभर. सहा वाजता पाणी मारून गोठा धुतला की गेला तो. मी आठला पोचलो तेव्हा फरशी लख्ख आणि गाय गप रवंथ करत उभी. मी एकटा असतो तर लिहिलं असतं, माज नाही. शेपटीच्या गोंड्याला मात्र दोन केस चिकटून वाळलेले होते, तेवढाच पुरावा.

१४ नोव्हेंबर

आज माझी स्वतःची झडती.

सगळे सीमनला नावं ठेवतात म्हणून म्हटलं आधी आपली पिशवी तपासू. नायट्रोजनच्या भांड्यात पट्टी घालून पातळी बघितली, ठीक होती. सीमनच्या मात्रा आहेत त्या उणे १९६ अंशांत. मग थर्मास. सकाळी घरून निघताना मी गरम पाणी भरतो आणि दिवसभर त्यातच सीमनची गोठलेली कांडी वितळवतो. आज पहिल्यांदा तापमापी सोबत नेली. पहिल्या गोठ्यात पाणी ३८ अंश. तिसऱ्या गोठ्यात पोचेस्तोवर ३१. पाचव्यात २७.

पाव मिलिलिटरची ती कांडी ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात ३० ते ४५ सेकंद ठेवायची असते. हळू वितळली की शुक्रजंतू मरतात, जास्त गरम पाण्यातही मरतात. कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही त्यांना चालत नाही. बाहेर हुडहुडी असेल तर भरवायची गन (कांडी बसवायची नळी) शर्टाच्या आत अंगाशी धरायची. हे सगळं मला पाठ आहे. बिदरला तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत हाच प्रश्न होता आणि मी न अडखळता उत्तर दिलं होतं. आणि गेली सहा वर्षं मी दुपारनंतरच्या गाई २७ अंशांच्या पाण्यावर भरवत आलोय.

भेसळ होती तर ती माझ्या थर्मासात होती. आण्णांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग आता तापमापी आणा की रोज." आजपासून प्रत्येक गोठ्यात पाणी तिथंच तापवून घ्यायचं, मोजायचं, मग कांडी काढायची.

१८ नोव्हेंबर

पहिले २१ दिवस पूर्ण. १५ रिकाम्या गाईंपैकी सगळ्यांना एकदा तरी माज यायला हवा होता. दिसला ६ गाईंना. सहाही भरवल्या. त्यातल्या दोन गाभण राहिल्या असं धरू, इकडच्या अनुभवानं तेवढंच धरायचं.

वहीच्या मागच्या पानावर आक्कांच्या मुलाला हिशेब समजावला. १५ पैकी ६ दिसल्या, सहांतल्या २ राहिल्या. आता समजा वळू तोच, मात्रा तीच, हातही तोच, फक्त माज ११ गाईंचा दिसला. तर ४ राहतात. पैसे घालून भारी सीमन आणलं तरी एवढा फरक पडणार नाही. मुलगा म्हणाला, "म्हंजे आईला पगार द्याय पायजे." बरोबर बोलला.

वेळेचाही घोळ होता. गाय माजावर आल्यापासून साधारण २४ ते ३० तासांनी बीज सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायचं हा नियम. नेब्रास्कात १९४० च्या दशकात झालेल्या कामातून तो आला, अजून चालतो. पण नियम मोजतो माज सुरू झाल्यापासून, आणि आमच्याकडं फोन येतो तो माज दिसल्यापासून. रात्री दोनला सुरू झालेला माज सकाळी नऊला दिसला तर सात तास आधीच गेलेले असतात, ते धरून वेळ ठरवावी लागते.

९ डिसेंबर

बेळगावात आजपासून कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. हायवेला कोगनोळीपाशी पोलीस, गाड्यांची रांग. नायट्रोजनची फेरी उद्यावर ढकलली.

ऊसतोडी जोरात आहेत, म्हणजे गव्हाणीत वाढं, उसाचे हिरवे शेंडे. दूधगंगा-वेदगंगेच्या पट्ट्यात आता मार्चपर्यंत दुसरी हिरवी वैरण दिसायची नाही. तोडकऱ्यांकडून पेंढ्या मिळतात, हत्तीगवत कापायची मेहनत वाचते, गाय आवडीनं खाते, पोट भरलेलं दिसतं. आणि याच चार महिन्यांत गाई सगळ्यात जास्त उलटतात.

आज एका गाईचं खाणं तागडीवर घातलं. २६ लिटर दूध, व्याल्याला ४५ दिवस. वाढं ३० किलो, कडबा २ किलो, गोळी पेंड ६ किलो, मूठभर सरकी. वाढ्यात पाणी वजा करता कोरडं उरतं ९-१० किलोच्या आसपास, आणि त्यात प्रथिनं जेमतेम ५-६ टक्के. शिवाय वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते शेणावाटे जातं. मालक म्हणतात, "पोटभर खाती की वो." पोटभर खाते, पण अंगाला लागेल असं त्यात थोडं.

दूध भराला येतं पाचव्या-सहाव्या आठवड्यात, भूक भराला येते नवव्या-दहाव्या आठवड्यात. मधला खड्डा गाय स्वतःच्या अंगावरून भरून काढते. या गाईच्या कण्यावरून हात फिरवला तर मणके एकेक मोजता येतात, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडं खड्डा. अंगावरच्या मांस-चरबीला पाचपैकी सव्वादोन गुण दिले. मेंदू अशा वेळी बीजकोषाला निरोपच नीट धाडत नाही. आधी जगायचं, आधीच्या वासराला दूध द्यायचं, मग पुढचं. गाईच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

ठरलं ते असं : वाढं निम्म्यावर आणायचं, त्यावर चुन्याची निवळी मारायची, बाकी मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा). खनिज मिश्रण हातानं अंदाजे नको, मापानं. मुरघास चार गोठ्यांत नाहीच. दोन आण्णांनी मिळून उन्हाळी मका करायचं कबूल केलं. करतील तेव्हा खरं.

२१ डिसेंबर

चंद्री काल पहाटे व्याली. कालवड झाली. जार पडली नाही.

तिसऱ्या वेताची गाय, गावात नाव असलेली, ३० लिटरची. आज सकाळी फोन आला तेव्हा व्याल्याला २७ तास झाले होते. जार १२ तासांत पडायला हवी, २४ च्या पुढं गेली की अडकली समजायचं. गोठ्यात गेलो तर मागं लोंबणाऱ्या जारेला सुतळीनं एक जुनी चप्पल बांधलेली. वजनानं खाली येईल म्हणून. रबरी, डाव्या पायाची, अंगठा तुटलेली. गाय पाय हलवील तशी चप्पल खुरावर आपटत होती आणि सुतळी चिखल-शेणानं माखून वरपर्यंत ओली झालेली. त्या ओल्या सुतळीवरून घाण सरळ पिशवीत चढते.

चप्पल सोडली. जार हातानं ओढून काढली नाही, लोंबता भाग तेवढा कापला. यावरून वाद झाला. "डॉक्टर येऊन जार न काढता चाललाय" असं दारातून कुणीतरी म्हणालं. ओढून काढली की आतले तुकडे राहतात आणि पिशवी सोलवटते, हे दारातल्या गर्दीला सांगून पटत नाही. ताप १०३.८. औषध सुरू केलं, दहा दिवस रोज ताप बघायला सांगितलं.

कीटोनच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला : २.१. १.२ च्या वर गेलं की छुपा कीटोसिस, म्हणजे अंगावरची चरबी फार जळून होणारा आजार. चंद्री आता कुठं व्यालीय आणि तिचं यकृत आत्ताच चरबीनं थकलंय. का? वही नव्हती तेव्हाचा तिचा इतिहास आण्णांकडून उकरून काढला. मागच्या वेतात ती २३० दिवसांनी गाभण राहिली. दूध आटलं, पण व्यायला पाच महिने होते. पाच महिने भाकड उभी, वर पेंड चालूच, कारण "पुढच्या वेताला अंग धरूदे". व्यायच्या आधी तिला चार गुण दिले असते मी, सव्वातीनच्या आसपास हवी होती. लठ्ठ गाय व्यायच्या तोंडावर खाणं टाकते, चरबी वितळून यकृतात साठते, अंग दुबळं पडतं, जार अडकते, पिशवी सडते, आणि पुढचा गाभ पुन्हा उशिरा. म्हणजे या वेळची जार मागच्या वर्षी चुकलेल्या माजांपासून अडकत आली होती. चप्पल शेवटची.

बीजाचंही तसंच आहे. आज सुटणारं बीज दोन-अडीच महिन्यांपूर्वी वाढायला लागलेलं असतं. या आठवड्यातला ताप आणि उपास चंद्रीच्या मार्चमधल्या माजात दिसेल असं मला वाटतं. वहीत तिच्या पानावर मार्चच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह करून ठेवलं.

१२ जानेवारी २०२५

ज्यांच्या पानावर गोलच पडत नाही अशा पाच गाईंना आज ओव्हसिंकवर घेतलं, म्हणजे इंजेक्शनं देऊन ठरल्या वेळी बीज सोडायला लावायचं. विस्कॉन्सिनमध्ये १९९५ साली मांडलेली पद्धत. आज जीएनआरएचचं (बीज सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन. सात दिवसांनी, १९ ला सकाळी ८ वाजता पीजी (माज आणणारं, पण गाभ असेल तर तो पाडणारं इंजेक्शन). २१ ला दुपारी ४ ला पुन्हा जीएनआरएच. २२ ला सकाळी ८ ला भरवायचं, माज दिसो न दिसो. तासांत फरक चालत नाही, म्हणून पाचही घरांत मोबाइलला गजर लावून दिला.

२२ जानेवारी

पाचही भरवल्या. पाणी ३६.५ अंश, पाचही वेळा.

२ फेब्रुवारी

लिहायला जड जातंय, पण वही त्यासाठीच आहे.

हरणी, दुसऱ्या वेताची, २२ लिटर. तिच्या पानावर ऑक्टोबरपासून एकही गोल नव्हता. २७ जानेवारीला तपासली. उजव्या बीजकोषावर पिवळं बीज (बीज सुटल्या जागी होणारी गाठ) हाताला लागलं, पिशवी जराशी जड वाटली. मला पुढं एका गाईच्या अडल्या बाळंतपणाला जायचं होतं. मुका माज, म्हणजे येतो पण दिसत नाही तो, धरून पीजी दिलं आणि निघालो.

काल संध्याकाळी वैनींचा फोन. "गाईनं काय तर टाकलंय, येतासा काय?" गेलो. सुपारीपेक्षा थोडी मोठी, पाण्यानं भरलेली पिशवी, पातेल्यात झाकून ठेवलेली. आत बोटाच्या पेरभर जीव.

उलगडा घरातल्या दोघांच्या भांडणातून झाला. १८ डिसेंबरच्या रात्री हरणी हंबरत होती. मी कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो. मालकांनी पाहुण्यांच्या ओळखीतून कुणाला तरी बोलावून भरवली. वैनी माहेरी. वहीत फुली कोण मारणार? सकाळी धार, मग तोडीची गाडी, आणि विसरून गेले. मी विचारलं होतं, "मधी कुणी भरवली न्हाई नव्हं?" ते म्हणाले होते, "न्हाई की."

त्यांचं चुकलं हे खरं. पण ४० दिवसांचा गाभ होता. ३५ दिवसांनंतर पडद्याची निसटती घडी बोटांत येते, सावकाश तपासलं असतं तर मला कळलं असतं. पिशवी जड लागली होती, हेही मला जाणवलं होतं. घाई माझी. मालकांना तसंच सांगितलं, पैसे परत देऊ केले. घेतले नाहीत. वैनी काही बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला. तो पिणं फार अवघड गेलं.

आजपासून, पानावर शेवटच्या ६० दिवसांच्या खुणा घरातल्या दोघांनीही सांगितल्याशिवाय पीजीची बाटली पिशवीतून बाहेर काढायची नाही. आणि शंका आली तर दहा दिवस थांबून पुन्हा तपासायचं. २१ दिवस गेले तरी चालतील.

२३ फेब्रुवारी

बसवरून झालेल्या वादामुळं दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेवर थांबल्यात. कोल्हापूरहून एसटीनं येणारं औषधांचं पार्सल कागलातच. मोटारसायकलवर जाऊन आणलं. ओव्हसिंकच्या पाचांपैकी दोन गाई १२ तारखेला पुन्हा माजावर आल्या होत्या. वैनी-आक्कांनी त्या दोन्ही पहाटे पकडल्या.

१८ मार्च

दुपारी तीनला पत्र्याखालच्या गोठ्यात ३६ अंश. तापमान आणि दमटपणाचा मिळून जो आकडा काढतात तो ८० च्या पुढं जातो. जास्त दुधाच्या गाईला ७० च्या अलीकडंच त्रास सुरू होतो. गाई तोंड उघडून धापा टाकतात, लाळ गळते, उभ्याच राहतात. माज आणखी आखडतो, आणि भरवल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गर्भ अंगातल्या उष्णतेनं मरतो. मालकाला वाटतं, राहिलीच नव्हती.

पत्र्यावर उसाचं पाचट हातभर जाड अंथरलं, दोरीनं बांधलं. खाली तीन अंशांचा फरक पडला. वाऱ्याचा पंखा आणि पाठीवर पाण्याचा फवारा आळीपाळीनं : अंग भिजवायचं, मग वाऱ्यानं वाळवायचं. नुसतं पाणी मारून गोठा दमट केला तर उलट होतं. भरवायला रात्रीचं किंवा पहाटेचं जातो. दिवसा झोपतो, बायको म्हणते वटवाघूळ झालायसा.

चंद्री मार्चमध्ये माजावर आली, बळस गढूळ, पुवाचे कण. भरवली नाही. पिशवीचे उपचार. आण्णा चिडले, "माज वाया घालवला." प्रश्नचिन्हाखाली तारीख लिहिली.

३० मार्च, पाडवा

ओव्हसिंकच्या पाचांची तपासणी : २ गाभण. गुढीखाली उभं राहून सांगितलं तर एका मामांनी तोंड वाकडं केलं, "एवढी सुया टोचून दोनच?" दोनच. चांगल्या गोठ्यातही शंभरात तीस-चाळीस राहतात. इंजेक्शन बीज वेळेवर सोडतं, बीजाला खायला घालत नाही. न राहिलेल्या तिघींपैकी दोघी सव्वादोन गुणांच्या, अजून वाढ्यावर.

२० एप्रिल

चिकोडीकडच्या एका शेतकऱ्यानं वही मागितली. घरात कन्नड बोलणारे. माज म्हणजे त्यांच्याकडं 'बेदे', आणि गाभण म्हणजे 'गब्ब'. हा शब्द ऐकून इकडचे आण्णा खूश, "मग काय, आमचाच शब्द." कुणाचा कुणी घेतला ते बघायला मला वेळ नाही. गोल, फुली, त्रिकोण मात्र त्यांनी पाच मिनिटांत घेतले.

त्यांचा मुलगा वळूंचं माहितीपत्रक घेऊन बसला होता. पुढच्या पानांवर सगळं दूध, दूध, दूध. अमेरिकेत २००३ पासून वळूच्या मुली किती सहज गाभण राहतात हेही मोजून वळू निवडतात, त्याआधी कित्येक दशकं दुधामागं धावताना गाभ राहण्याचं प्रमाण घसरत गेलं होतं. त्याला म्हटलं, तो आकडा असलेला वळू माग, नसेल तर कालवडीच्या आईची वही बघ.

२७ मे

मे संपायच्या आत पावसाळा आला यंदा. गोठ्यापुढं चिखल, खुरांचे आजार, माश्या. पण गारवा आला आणि आठवड्यात चार गोल पडले.

परवा हरणी तपासली. २३ मार्चला भरवलेली, ६३ दिवस. तीन वेळा हात घातला, सावकाश. मग त्रिकोण काढायला वही वैनींकडं दिली. त्यांनी तो इतका मोठा काढला की पुढच्या दोन महिन्यांचे रकाने झाकले गेले.

८ जून

बेंदूर दोन-तीन दिवसांवर, कर्नाटकी बेंदूर. बैलांची शिंगं घासायला सुरुवात झालीय, गाईंकडं बघायला कुणाला सवड नाही.

वसुबारसेला रिकाम्या असलेल्या १५ पैकी : १० गाभण, २ भरवून वाट बघतोय, २ अजून रिकाम्या, १ विकली. विकली ती आक्कांची, वसुबारसेला १४ महिने होऊनही न राहिलेली. वहीनं तिच्यासाठी काही केलं नाही. आतापर्यंत नोंदलेल्या माजांत अर्ध्याहून जास्त गोल रात्री आठ ते पहाटे सहाच्या मधले आहेत. भाकड गाईंची पेंड तीन गोठ्यांनी कमी केली, दोघांनी आटवायची तारीख वहीत घातली. मका एकाच आण्णांनी केला, मुरघासाचा एक खड्डा भरला. दुसऱ्यांनी ऊसच लावला.

पहाटे ४.५० ला फोन. चंद्रीच्या घरची सून. "बळस टाकालीया, काचंवाणी हाय. रात्री दहाला बघितलो तवा न्हवता." व्याल्यापासून आज १७० वा दिवस. गोठ्यात गेलो तर तिनं फरशी धुतलीच नव्हती. बळसाभोवती शेणाचं बोटभर आळं करून ठेवलं होतं, पाणी जाऊ नये म्हणून. स्वच्छ होता. कण्यावर हात फिरवला, पावणेतीन.

घाई केली नाही. दुपारी तीनला परत गेलो. चुलीवर पाणी ठेवून तिनं तापमापी माझ्या आधी बुडवली. "सदतीस," म्हणाली. कांडी पुसली, भरवली. वहीत तिनं फुली मारली आणि बोटं मोजत २९ जूनच्या रकान्यात पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, अर्धा गोल काढून ठेवला.